बिल्ल्यावर बंदी कशी घालणार?

श्रीलंकेच्या मुल्लैतिवू जिल्ह्यात कोक्कुतोडुवाय नावाचं गाव आहे. २०२३ च्या जूनअखेरीस तिथं रस्त्याकडेला पाण्याच्या पाइपलाइनसाठी चर खणत होते. खणताना आधी कापड लागलं, मग हाडं. काम थांबलं, कोर्टाच्या देखरेखीखाली रीतसर उत्खनन सुरू झालं आणि पुढच्या वर्षभरात टप्प्याटप्प्यानं ५२ जणांचे सांगाडे बाहेर आले. सांगाड्यांसोबत गणवेशाचे तुकडे होते, बायकांचे कपडे होते आणि क्रमांक कोरलेले धातूचे छोटे बिल्ले होते. लिट्टेच्या, म्हणजे वेगळ्या तमिळ देशासाठी २००९ पर्यंत सरकारशी लढलेल्या सशस्त्र संघटनेच्या, स्त्री-सैनिकांचे ते बिल्ले. पुरातत्त्वज्ञ राज सोमदेव यांच्या अहवालानुसार ही माणसं १९९४ ते १९९६ च्या दरम्यान पुरली गेली असावीत.

म्हणजे तीसेक वर्षं तो पत्रा मातीत पडून होता आणि त्यावरचा आकडा तरीही टिकला. तो कुणाचा, हे सांगू शकणारी माणसं आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांतल्या कित्येक जणी किलिनोच्ची आणि वावुनियाला रस्त्याकडेच्या मांडवात बेपत्ता मुलाबाळांचे फोटो घेऊन २०१७ च्या फेब्रुवारीपासून बसल्या आहेत. आणि त्यांनी एखादा तसलाच बिल्ला घरातल्या फोटोला अडकवला, तर पोलीस दहशतवाद प्रतिबंधक कायदा घेऊन दारात येऊ शकतात. कारण संघटना बंदी घातलेली आहे, आणि तिचं चिन्ह ते तिचं चिन्ह.

माझं म्हणणं साधं आहे. संघटनेवर बंदी घालायचा सरकारला हक्क आहे. लिट्टेसारख्या संघटनेवर तर तो वापरायलाच हवा होता. पण मेलेल्याच्या अंगावर सापडलेला बिल्ला संघटनेची मालमत्ता नाही आणि प्रचारही नाही. तो आधी पुरावा आहे आणि मग घरच्यांचा ठेवा. सरकारनं त्याच्याशी वागावं ते याच क्रमानं.

हे पटायला लिट्टेनं माणसाच्या गळ्यात काय काय घातलं आणि गळ्यातून काय काय काढून घेतलं, ते बघावं लागतं.

काढून घेतलं ते सोनं. १९९० च्या सुमारास जाफना लिट्टेच्या ताब्यात आल्यावर संघटनेनं घरटी दोन सोव्हरीन, म्हणजे सोळा ग्रॅम सोनं मागितलं. ‘मागितलं’ हा शब्द सौम्यच झाला. वर परतफेडीच्या पावत्याही दिल्या. तमिळ घरातलं सोनं बहुतेक मुलीच्या लग्नासाठी जमवलेलं असतं; आपल्याकडे कोकणात-देशावर असतं तसंच. त्याच घरांतल्या मुली पुढं संघटनेत गेल्या, काही आपखुशीनं, काही उचलून नेलेल्या. शर्ट-पँट, कमरेला पट्टा, दोन वेण्या वर दुमडून घट्ट बांधलेल्या, आणि कानात-गळ्यात काहीही नाही. दागिना निषिद्ध. गळ्यात राहिलं ते एवढंच: काळ्या दोऱ्यात ओवलेली सायनाईडची काचेची कुपी आणि क्रमांकाचा बिल्ला.

कुपीचा इतिहास लिट्टेहून जुना आहे. ५ जून १९७४ ला पोन्नुदुराई शिवकुमारन या उरुंपिराईच्या तरुणानं पोलिसांच्या हाती लागण्याऐवजी सायनाईड खाल्लं. लिट्टेची स्थापना त्यानंतर दोन वर्षांनी, मे १९७६ मध्ये झाली. लिट्टेचा संस्थापक प्रभाकरन यानं त्या एका मरणातून शिस्त तयार केली: पकडले जाल तर कुपी चावायची. छळ सोसून कुणी नावं सांगण्याचा प्रश्नच मिटला. पुढं या कुपीभोवती त्यागाची, शौर्याची केवढी तरी भाषा उभी राहिली, आणि परदेशातल्या तमिळ वस्त्यांमध्ये आजही ती भाषा जोरात बोलली जाते. मला त्यात शौर्य दिसत नाही असं म्हणणं खोटं ठरेल. मरणाला तयार असलेली माणसं ती होतीच. पण वस्तूचा उपयोग कुणाला होता हे विचारलं की उत्तर बदलतं. संघटनेची गुपितं संघटनेच्याच माणसाच्या तोंडून फुटू नयेत, यासाठी तिनं त्याच्या गळ्यात बांधलेला तो बंदोबस्त होता. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला जिवंत पकडलं जाण्याचा, म्हणजे पुढं कधीतरी सुटून घरी जाण्याचा पर्याय त्या कुपीनं काढून घेतला.

या कुपीनं भारतालाही पोळलं. १९८७ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलानं लिट्टेची एक बोट पकडली. बोटीवर पुलेंदिरन आणि कुमारप्पा या लिट्टेच्या सेनानींसह सतरा जण होते. त्यांना पलालीच्या तळावर ठेवलं. कोलंबो त्यांना राजधानीत न्यायला बसलं होतं, भारतीय शांतिसेना मध्ये पडत होती. पकडलेल्यांच्या कुप्या काढून घेतल्या होत्या. नव्या कुप्या बाहेरून पोचवल्या गेल्या. ५ ऑक्टोबरला त्यांतले बारा जण मेले. आठवड्याभरात शांतिसेना आणि लिट्टे यांचं उघड युद्ध पेटलं. १० ऑक्टोबरला कोपायमध्ये भारतीय सैनिकांशी लढताना जखमी झालेल्या मालतीनं कुपी चावली. लढाईत मेलेली लिट्टेची ती पहिली स्त्री-सैनिक, आणि तिच्या नावानं पुढं आख्खी तुकडी उभी राहिली. मुंबईत जन्मलेले ८ महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला शोधमोहिमेवरून परतताना घेरले गेले. छातीत गोळी लागल्यावरही समोरच्याची रायफल हिसकावून त्यांनी त्याला मारलं आणि तिथंच प्राण सोडला. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. १९९० मध्ये शांतिसेना परतली तोवर आपले सुमारे बाराशे जवान गेले होते. तेव्हा हा दूरदेशीचा मामला आहे, आपल्याला काय त्याचं, असं मराठी वाचकानं म्हणायचं कारण नाही. लिट्टेच्या बिल्ल्याबद्दल लिहिताना माझ्या मनात ममता नाही, हेही इथंच सांगून टाकतो.

आता बिल्ला. तो त्याच गळ्यात असायचा, पण त्याचं काम कुपीच्या उलटं होतं. क्रमांक, रक्तगट, संघटनेची आद्याक्षरं. गळ्याखेरीज मनगटाला आणि कमरेलाही बांधायचे, कारण तोफगोळ्यात देह शाबूत राहीलच असं नसतं. जखमीला कुठलं रक्त द्यायचं आणि मेलेला कोण, एवढीच दोन कामं त्या पत्र्याकडे. या हिशोबी नोंदीमुळंच संघटनेला प्रत्येक मृताचं नाव, पद आणि तारीख दगडावर कोरता आली. ‘तुयिलुम इल्लम’ म्हणजे निद्रागृह. अशी दफनभूमी त्यांनी गावोगावी केली आणि हिंदू असूनही दहनाऐवजी दफन रूढ केलं. २७ नोव्हेंबरला तिथं हजारो दिवे लागत. पहिला मृत सैनिक शंकर याची, १९८२ ची ती तारीख.

कोपायचं तुयिलुम इल्लम श्रीलंकेच्या सैन्यानं नव्वदीच्या मध्यात जाफना घेतल्यावर उद्ध्वस्त केलं. २००२ च्या शस्त्रसंधीत लोकांनी ते पुन्हा बांधलं. २००९ ला युद्ध संपल्यावर ते पुन्हा जमीनदोस्त झालं आणि त्या जागेवर २०११ मध्ये सैन्याच्या ५१ व्या डिव्हिजनचं मुख्यालय उभं राहिलं. दुसरीकडे किलिनोच्चीच्या चौकात सरकारनं विजयस्मारक केलं आहे: सिमेंटचा मोठा ठोकळा, त्यात घुसलेला तोफगोळा, वर उमललेलं कमळ. एलिफंट पासला गामिनी कुलरत्ने या जवानाचं स्मारक आहे. १९९१ मध्ये लिट्टेच्या चिलखती बुलडोझरवर चढून त्यानं तो थांबवला आणि जीव दिला. त्याचं स्मारक असायलाच हवं. त्यावर माझा काही आक्षेप नाही.

आक्षेप आहे तो दुटप्पीपणावर, आणि तो दोन ठिकाणी इतका उघडा पडतो की वेगळा युक्तिवाद करायची गरज उरत नाही.

पहिलं ठिकाण म्हणजे नंदिकडल खाजणाचा काठ, १९ मे २००९. प्रभाकरन मेला हे जगाला पटवायचं होतं. सैन्यानं प्रेत टीव्हीवर दाखवलं आणि पुरावा म्हणून काय दाखवलं? लिट्टेचं ओळखपत्र आणि गळ्यातला बिल्ला, क्रमांक ००१. ओळख पटवायला कोण आलं? करुणा अम्मान, म्हणजे २००४ मध्ये फुटून सरकारच्या बाजूला आलेला लिट्टेचाच पूर्वेकडचा सेनापती, जो तोवर राजपक्षे सरकारात मंत्री झाला होता. (याच करुणावर २०२५ मध्ये ब्रिटननं मानवी हक्कांच्या उल्लंघनांबद्दल निर्बंध घातले.) बिल्ला नंबर एक हा त्या दिवशी दहशतवादाचं चिन्ह नव्हता. जगासमोर ठेवायचा भक्कम पुरावा होता. मग त्याच साच्यातून निघालेला, त्याच संघटनेनं दिलेला, पण तीन-चार आकड्यांचा बिल्ला कोक्कुतोडुवायच्या चिखलातून निघाला की तो पुरावा का नसावा? क्रमांक ००१ ची ओळख एका दिवसात पटते. बाकीच्यांची पटवायला नोंदवह्या, जुने सहकारी, डीएनए आणि थोडी इच्छा लागते. नोंदवह्यांपैकी सैन्याच्या हाती काय काय लागलं, हे सरकारनं आजवर उघड केलेलं नाही.

(आणखी एक गोष्ट इथं नोंदवण्यासारखी आहे. हजारोंच्या गळ्यात कुपी बांधणारा स्वतः कुपी चावून मेला असं कुणीच, सरकारनंही, म्हटलेलं नाही. सरकारच्या सांगण्यानुसार तो गोळीनं मेला.)

दुसरं ठिकाण आहे दक्षिणेत. जनता विमुक्ती पेरामुना, म्हणजे जेव्हीपी, या पक्षानं १९७१ मध्ये आणि पुन्हा १९८७ ते ८९ मध्ये सरकारविरुद्ध शस्त्र उचललं. माणसं मारली, संप लादले, दहशत बसवली. सरकारनंही त्यांच्या तरुणांना हजारोंनी मारून टायरवर जाळलं. त्यांचा नेता रोहना विजेवीरा १३ नोव्हेंबर १९८९ ला मारला गेला. पक्ष दरवर्षी १३ नोव्हेंबरला आपल्या मृतांचा स्मरणदिन पाळतो, लाल झेंडे लावून, फोटो मांडून, भाषणं करून. कुणी अडवत नाही, आणि अडवूही नये. सप्टेंबर २०२४ पासून देशाचे राष्ट्राध्यक्ष असलेले अनुरा कुमारा दिसानायके याच पक्षाचे. बंडात मेलेल्या माणसांची आठवण काढू दिल्यानं बंड परत येत नाही, याचं श्रीलंकेत चालतंबोलतं उदाहरण राष्ट्राध्यक्षांच्या खुर्चीवर बसलेलं आहे. सिंहली आईला १३ तारखेला जे चालतं, ते तमिळ आईला दोन आठवड्यांनी २७ तारखेला का चालू नये?

याला उत्तर दिलं जातं की जेव्हीपीला देश तोडायचा नव्हता, लिट्टेला होता. उत्तर अगदीच टाकाऊ नाही. वाघाचं मुंडकं, आडव्या दोन रायफली आणि भोवती तेहतीस गोळ्यांचं कडं असलेलं ते बोधचिन्ह मिरवत लंडन-टोरोंटोत मोर्चे निघतात, तेव्हा कोलंबोतल्या सामान्य माणसाला १९९६ चा सेंट्रल बँकेचा स्फोट आठवतो. तो आठवणं स्वाभाविक आहे. चौकात बॅनरवर लावलेलं वाघाचं चिन्ह आणि हाडांच्या सोबत सापडलेलं वाघाचं चिन्ह यांत फरक करा, एवढंच मागणं आहे. पहिल्यावर वाद घाला, हवी तर बंदी घाला. दुसऱ्यावर बंदी म्हणजे मृताच्या नावावर बंदी.

हा फरक करण्याची सवयच नसली की काय होतं ते २०२४ मध्ये दिसलं. जाफन्यातल्या एका शाळेच्या क्रीडा महोत्सवात मुलांनी सजावटीत कार्तिगैचं फूल वापरलं आणि पोलीस चौकशीला आले. हे फूल म्हणजे आपली कळलावी, सह्याद्रीत पावसाळ्यात कुंपणाकुंपणावर पेटलेली दिसते ती. लिट्टेनं तिला आपलं राष्ट्रफूल ठरवलं, म्हणून २७ नोव्हेंबरला परदेशातले तमिळ छातीवर तिचा बिल्ला लावतात. ठीक आहे, पण वेल काही लिट्टेनं लावलेली नाही.

तटबंदीच्या दुसऱ्या बाजूलाही हेच दुःख आहे आणि ते फारसं बोललं जात नाही. श्रीलंकेच्या सैन्यातले हजारो जवान ‘बेपत्ता’ या एका शब्दाखाली नोंदले गेलेत. मनगटाला भिक्खूंनी बांधलेला पिरित नूल, म्हणजे मंतरलेला दोरा, घालून ते उत्तरेला गेले. दोरा मातीत कुजतो, त्यावर नाव नसतं. विशाखा धर्मदासा यांचा मुलगा १९९८ मध्ये किलिनोच्चीच्या लढाईत असाच बेपत्ता झाला. त्यांनी बेपत्ता सैनिकांच्या पालकांची संघटना काढली, आणि युद्ध चालू असतानाच वन्नीत, म्हणजे लिट्टेच्या ताब्यातल्या उत्तरेकडच्या मुलखात, जाऊन थेट लिट्टेच्या लोकांशी बोलल्या. सिंहली आईला वन्नीतल्या मातीतून जे हवं होतं, तेच मुल्लैतिवूच्या आईला आज हवं आहे.

सैनिकाच्या अंगावर कुठली खूण असावी हे नेहमी वरचे लोक ठरवतात आणि त्यांना लागणारी खूण आधी येते. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या जनरल हूकरनं मार्च १८६३ मध्ये प्रत्येक कोअरला वेगळा बिल्ला दिला: कुणाला त्रिदल, कुणाला चंद्रकोर, कुणाला तारा, डिव्हिजननुसार रंग तांबडा, पांढरा, निळा. कोण कुठल्या तुकडीचा आणि मागं कोण रेंगाळतोय हे लांबून कळावं म्हणून. सैनिकांना त्या बिल्ल्यांचा अभिमानही वाटू लागला, सराफ चांदीत घडवून विकू लागले. पण त्याच्या आदल्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जॉन केनेडी नावाच्या माणसानं प्रत्येक सैनिकाला नावाची चकती पुरवण्याची तयारी दाखवली होती, ती युद्धखात्यानं नाकारली. ज्यांना परवडलं त्यांनी फिरत्या दुकानदारांकडून स्वतःच्या पैशानं चकत्या घेतल्या. युद्धानंतर उत्तरेचे तीन लाखांच्या आसपास मृत राष्ट्रीय दफनभूमींत हलवले, तेव्हा त्यांतल्या चाळीस टक्क्यांहून जास्त जणांची ओळख पटली नाही. अमेरिकी सैन्यानं नावाची चकती अधिकृतपणे दिली ती १९०६ मध्ये.

कायद्याचं बघायला गेलं तर १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा करारात याची तरतूद आहे. शत्रूच्या मृत सैनिकाची ओळख नोंदवायची, बिल्ल्याचा अर्धा भाग त्याच्या बाजूला पाठवायचा, अर्धा देहासोबत ठेवायचा. मेख अशी की हे दोन देशांमधल्या युद्धाला लागू. देशांतर्गत युद्धासाठी त्या करारात जेमतेम एक कलम आहे आणि त्यात बिल्ल्याचा उल्लेख नाही. यादवी युद्धांबद्दलच्या १९७७ च्या जादा करारावर श्रीलंकेनं सही केलेली नाही. परक्या देशाच्या शत्रूचं नाव जपायला सरकार बांधील, आणि आपल्याच नागरिकाचं जपायला मात्र नाही, असा हा विचित्र प्रकार आहे.

बिल्ले जपावेत याचं आणखी एक कारण आहे, आणि ते परदेशातल्या लिट्टेप्रेमींना आवडणार नाही. लिट्टेनं हजारो अल्पवयीन मुलं भरती केली. युनिसेफकडे त्याच्या नोंदी आहेत. क्रमांकाचा बिल्ला आणि शेजारच्या हाडांवरून वैद्यकीय तज्ज्ञांनी काढलेलं वय यांचा मेळ घातला, तर संघटनेनं कुणाला, कोणत्या वयात, लढायला लावलं याचा तो सर्वांत ठोस पुरावा ठरेल. चिन्हं पुसून टाकणारं सरकार आपल्या शत्रूच्या गुन्ह्याचा पुरावाही पुसत असतं. फोटोला हार घालून कुपीची गाणी गाणाऱ्यांनीही तो पुरावा बघावा. मेलेली मुलगी शूर होती आणि तिला तिथं पाठवणाऱ्यांनी गुन्हा केला, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात.

मार्ग नवा शोधायचा नाहीये. जाफन्याजवळ चेम्मणीला २०२५ मध्ये पुन्हा उत्खनन झालं आणि दोनशेहून जास्त सांगाडे निघाले. त्यांत लहान मुलं होती. निळं दप्तर, खेळणं, दुधाची बाटली, बांगड्या निघाल्या. ५ ऑगस्टला कोर्टाच्या हुकमानं या वस्तू लोकांना बघायला ठेवल्या: कुणाला काही ओळखू येतंय का बघा. पोलीस बंदोबस्तात, रांगेनं, पण बघू दिलं. त्याच वर्षी मे महिन्यात लिट्टेच्या ठाण्यांतून मिळालेले सोन्याचांदीचे दहा हजारांहून जास्त नग सैन्यानं पोलिसांच्या हवाली केले, मूळ मालकांना परत करण्यासाठी. युद्ध संपून सोळा वर्षं झाली होती, तरी केले. घरटी दोन सोव्हरीनची पावती ज्या घरात अजून जपून ठेवली असेल, त्या घराला निदान अर्ज करायला जागा झाली.

सोन्यासाठी जी पद्धत चालते ती पत्र्यासाठी चालायला अडचण कसली? उत्खननात सापडलेल्या प्रत्येक बिल्ल्याचा क्रमांक कोर्टानं जाहीर करावा. सैन्याच्या ताब्यात लिट्टेची जी कागदपत्रं असतील, ती बेपत्ता व्यक्तींच्या कार्यालयाकडे द्यावीत. हे कार्यालय त्याच कामासाठी २०१६ च्या कायद्यानं काढलंय. पुनर्वसन शिबिरांतून सुटलेल्या लिट्टेच्या माजी सैनिकांना अटकेची भीती न घालता क्रमांकामागची नावं सांगू द्यावीत. तीच आजची जिवंत नोंदवही आहे आणि ती दरवर्षी पातळ होत चाललीय. खटल्याचं काम संपलं की बिल्ला घरच्यांना द्यावा, आणि तो ते देवघरात ठेवतात की फोटोला लावतात हे विचारायला कुणी जाऊ नये. भारतानं २०२४ मध्ये लिट्टेवरची बंदी आणखी पाच वर्षांनी वाढवली. ती बंदी तशीच ठेवूनही दिल्ली डीएनए तपासणीची मदत देऊ करू शकते. शांतिसेनेच्या काळातले आपले कागदही उघडता येतील, कारण ज्या तीन वर्षांत ती जाफन्यात होती, त्या वर्षांतलीही माणसं अजून सापडलेली नाहीत.